मिलोर्दोची हाक

ओनोरातो काय काम करतो, असं कुणी परक्याने विचारलं की आम्हा इत्रीकरांची जरा पंचाईत व्हायची. सरायीतला वाढपी म्हणावं, तर त्याने जन्मात कधी ताट उचललं नाही. दरवान म्हणावं, तर दार लावायचं कामही त्याचं नव्हतं. तो ओरडायचा. रोमहून नेपल्सकडे जाणारी गाडी घोडे बदलायला रेस्तितुताबाईंच्या सरायीपुढे थांबली, की हा फाटकातल्या दगडावर चढायचा, उतरणाऱ्या माणसाला टोपीपासून टाचेपर्यंत एकदा न्याहाळायचा आणि आलेला पाहुणा कोण ते आत स्वयंपाकघराला ओरडून सांगायचा. बस्स, एवढंच. पण एवढ्यावर त्याचं घर नऊ वर्षं चाललं होतं.

हाका तीन होत्या. 'माणूस!' अशी हाक आली की तबेल्यावरच्या माळ्यात पेंढा पसरायचा. 'सिन्योर!' म्हटलं की कालचं सूप पुन्हा चुलीवर चढवायचं. आणि 'मिलोर्दो!' असा पुकारा झाला की सगळी सराय खडबडून जागी व्हायची. कोंबडीमागे पळापळ, ठेवणीतल्या चादरी बाहेर, चरबीचे दिवे आत आणि मेणबत्त्या टेबलावर. रेस्तितुताबाई स्वतः डोक्याचा रुमाल बदलून यायच्या.

मिलोर्दो म्हणजे इंग्रज सरदार. त्यांच्या देशात सरदाराला नोकरचाकर 'माय लॉर्ड' म्हणतात म्हणे. वाटेतल्या फ्रेंच गाडीवानांनी ते दोन शब्द चेपून एक केले, आणि आल्प्स उतरून आमच्यापर्यंत येता येता त्याला मागे एक 'ओ' चिकटला. तिकडे असले सरदार मोजकेच. बाप मेल्यावर थोरला मुलगा सरदार होतो, धाकटे हात चोळत बसतात. आमच्याकडे त्या शब्दाला वंशावळ लागत नसे. बोनापार्तच्या लढाया संपल्या आणि इंग्रजांची रीघ लागली, तेव्हापासून जो इंग्रज उपासाच्या शुक्रवारीही मांस मागेल, दाढीला गरम पाणी मागेल आणि झोपण्याआधी चादर हुंगून बघेल, तो मिलोर्दो. साबणाचा व्यापारी मिलोर्दो, दात उपटणारा मिलोर्दो. एकदा तर कुणा बड्याच्या घोड्यांना खरारा करणारा नोकर सामान घेऊन एकटाच पुढे आला होता, तोही दोन दिवस मिलोर्दो होऊन गेला. शब्द कानावर पडला की इंग्रजाची मान दोन बोटं वर जायची, आणि एकदा मान वर गेली की निघताना घासाघीस करायची त्याला लाज वाटायची. रेस्तितुताबाईंचा सगळा व्यवहार त्या दोन बोटांवर चालला होता.

ओनोरातोचा आवाज मात्र खरंच देवाने दिलेला होता. मूळचा तो फोंदीचा, पाणथळातला. तिथे म्हशींना हाका मारून घसा तयार झालेला. चौकात उभा राहून ओरडला की वरच्या ऑलिव्हच्या बागांत काम करणाऱ्या बायका मान वर करायच्या. त्याची बायको चिविता त्याला चिडवायची, "लग्नात तू 'हो' म्हणालास ना, तर फादरच्या हातातलं पुस्तक पडलं. मला वाटलं, माझ्याशी लग्न करतोयस की मला विकायला काढलंयस!" तो हसायचा. त्या आवाजाचा त्याला फार अभिमान होता. दुसरं होतं काय त्याच्याकडे?

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी सप्टेंबरात त्याच्या हातून चूक झाली. धुळीने माखलेला, कोटाची बाही फाटलेला एक इंग्रज गाडीतून उतरला. ओनोरातोने नाक मुरडून 'माणूस!' अशी हाक दिली. बिचारा मुकाट्याने पेंढ्यावर झोपला. सकाळी त्याचे सहा नोकर आणि दोन गाड्या मागून येऊन पोचल्या, तेव्हा कळलं की हा खराखुरा, बापजाद्यांपासूनचा मिलोर्दो. पाखरं बघायला पायी फिरायचा त्याला नाद होता. तो काही बोलला नाही, पण रेस्तितुताबाई बोलल्या. अख्ख्या चौकासमोर बोलल्या.

"डोळे आहेत की ऑलिव्हच्या बिया? सरदाराला पेंढ्यावर झोपवलास! पुन्हा असं झालं ना, तर वर डोंगरात जाऊन शेळ्यांना मिलोर्दो म्हणत बस. इथे नाही."

महिनाभर पोरंटोरं त्याला बघून 'माणूस, माणूस' करत होती. माणसाचा एकच गुण असावा आणि त्यावरच लोकांनी हसावं, हे त्याला फार लागलं.

ऑक्टोबरात एका दुपारी भाड्याची गाडी आली. आतून दोन नेपल्सचे कापडवाले उतरले आणि त्यांच्या मागून एक उंच, किडकिडा इंग्रज. हातात चामड्याची चपटी पेटी. ओनोरातोने नेहमीसारखं बघितलं. बुटांना दोनदा तळ बसवलेला होता. गळ्यातला रुमाल स्वच्छ होता, पण कडा उलटून शिवलेल्या. गाडीवानाला त्याने स्वतःहून टोपी काढून नमस्कार केला. सरदार गाडीवानाला टोपी काढत नाहीत, पाखरं बघणारेसुद्धा नाहीत. हा माणूस सूप परवडेल की नाही याचा हिशेब करत उतरला होता, हे ओनोरातोला आरशात तोंड दिसावं इतकं स्वच्छ दिसलं.

आणि चौकातल्या कारंज्याच्या काठावर ताद्देओ बसला होता. ताद्देओ कोळसा विकायचा. डोंगरात भट्ट्या लावणाऱ्यांकडून खेचरावर कोळसा आणायचा, आणि खाली जे ऐकलं ते वर घेऊन जायचा. वर कुणाकडे, ते गावात कुणी मोठ्याने बोलत नसे.

ओनोरातोने दगडावर पाय ठेवला, छाती भरून घेतली आणि हाक दिली, "मिलोर्दोऽऽ! मिलोर्दो इंग्रेज!"

चिमणीवरची कबुतरं उडाली. इंग्रज दचकून मागे वळला, आपल्या मागे कोण उतरलं ते बघायला. कुणीच नव्हतं. मग लाल होऊन म्हणाला, "नाही, नाही. मी मास्तर. चित्रं शिकवतो. पेल माझं नाव." पण तोवर रेस्तितुताबाई नवा रुमाल बांधून दारात आल्या होत्या, आणि आत कोंबडी ओरडायला लागली होती.

रात्रीच्या जेवणात त्याला धण्याची सॉसेजं मिळाली, काळी ऑलिव्ह मिळाली, खुर्चीवर उशी मिळाली. एक-दोनदा तो 'नाही' म्हणाला. पुढे म्हणायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेटी घेऊन किल्ल्यामागच्या टेकडीवर समुद्राचं चित्र काढायला गेला. दुपारी टेकडीवर फक्त त्याचं तिपाई स्टूल सापडलं. संध्याकाळी ताद्देओने निरोप आणला, तोही अगदी कोळशाचा भाव सांगावा तसा: मिलोर्दो मेओदादाकडे आहे, सुखरूप आहे, खंडणीचे सहाशे दुकात आठ दिवसांत पोचवा, नाहीतर पोचवू नका, आम्ही त्याला पोचवू.

मेओदादा म्हणजे वरच्या दरोडेखोरांच्या टोळीचा म्होरक्या. गावाने छाती बडवली, पण फार जोरात नाही. "सरदार आहे," रेस्तितुताबाई म्हणाल्या, "त्याचा राजा देईल. सहाशे म्हणजे त्यांना नाश्ता." नेपल्सच्या इंग्रज वकिलातीला पत्र गेलं. पाचव्या दिवशी उत्तर आलं: या नावाचा कुणी सरदार नाही, पेल नावाचा एक शिक्षक आहे, वकिलात फार दिलगीर आहे.

त्या पाच दिवसांत ओनोरातोला घास गोड लागला नाही. चिविता नवऱ्याला ओळखून होती. तिने पाचव्या दिवशी त्याच्यासमोर वाटी ठेवली आणि सरळ विचारलं.

"तू त्याचे बूट बघितले होतेस?"

"बघितले होते."

"मग?"

"मालकीणबाई बोलल्या होत्या ना, पुन्हा चुकलास तर..."

"आणि ताद्देओ? तो दिसला नाही तुला?"

ओनोरातो वाटीकडे बघत राहिला. "दिसला," म्हणाला. चिविता उठून चुलीकडे गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

वर कुणीतरी जायला हवं होतं. अडकलेल्या माणसासाठी गावाकडून भाकरी-दारूची टोपली न्यायची, अशी आमच्याकडे रीत होती. टोपली नेणाऱ्याला टोळी हात लावत नसे. पण जाऊन सांगायचं काय, यावर सरायीत वाद झाला. रेस्तितुताबाईंचं म्हणणं अगदी बिनतोड होतं. "जोवर तो मिलोर्दो आहे तोवर जिवंत आहे. तो मास्तर आहे म्हणून सांगितलंस, तर मास्तराला पोसणार कोण? त्याच दिवशी गळा चिरतील. तोंड बंद ठेव."

"आणि आठ दिवस झाल्यावर?" ओनोरातोने विचारलं.

बाईंनी टोपलीत भाकरी भरायला घेतली, आणि ती ओनोरातोने उचलली.

सहाव्या दिवशी दुपारी तो वर पोचला. ताद्देओच वाट दाखवायला होता. चेस्टनटच्या झाडांखाली दहा-बारा माणसं, शेळ्या, एक उकळतं भांडं. पेल मास्तर एका खडकावर बसून चित्र काढत होता. समोर मेओदादा छातीवर पिस्तुलं लावून, पोट आत ओढून उभा. मास्तराच्या खांद्यावर टोळीतलं सगळ्यांत चांगलं घोंगडं होतं. सरदाराला थंडी वाजू नये म्हणून.

"अरे बघा, घंटा आली!" मेओदादा पोट न सोडता म्हणाला, आणि सगळे हसले.

"कसली घंटा?" ओनोरातोने टोपली खाली ठेवली.

"तू रे! आम्ही तुला घंटाच म्हणतो. नऊ वर्षं झाली. तू 'माणूस' म्हणालास की आम्ही झोपतो. 'सिन्योर' म्हणालास की कूस बदलतो. 'मिलोर्दो' म्हणालास की बंदुका भरतो. ताद्देओ येऊन सांगेपर्यंत थांबावंसुद्धा लागत नाही. वारा समुद्राकडून असला की इथपर्यंत ऐकू येतं. दर ईस्टरला तुझ्या दारात चीज कोण ठेवतं असं वाटलं तुला, तुझी सासू?"

पुन्हा हशा पिकला. नऊ वर्षांतल्या गाड्या ओनोरातोच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. पुढे मोला गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओढ्याच्या वळणाशी अडवलेल्या. त्यातल्या एकीतून परवाच्या वसंतात एक कोवळं जोडपं गेलं होतं. त्यातला नवरा परत आला तो फळीवर झोपून आला. त्या दोघांना बघून ओनोरातोने इतकी लांब, इतकी सुरेल हाक दिली होती की ती मुलगी हसली होती.

"आता तू आलाच आहेस तर निकाल लाव," मेओदादा म्हणाला. "हा रोज सांगतो, मी मास्तर आहे. पकडल्यावर सगळेच मिलोर्दो मास्तर होतात. पण तुझा डोळा चुकत नाही. बोल, हा मिलोर्दो आहे की नाही?"

मास्तराने हातातली पेन्सिल थांबवली. 'आहे' म्हटलं तर दोन दिवस मिळत होते. 'नाही' म्हटलं तर कदाचित एक क्षणही नाही. ओनोरातोने त्या दोन दिवसांचा विचार केला. दोन दिवसांनी कुणी येणार नव्हतं, आणि तेव्हा खाली फाटकात उभा राहून तो पुढच्या गाडीची वाट बघत असणार होता.

"नाही," तो म्हणाला. इतक्या हळू की मेओदादाला "काय?" म्हणून विचारावं लागलं. "नाही. मास्तर आहे. चित्रं शिकवतो. त्याच्या बुटांना दोनदा तळ मारलेत, दादा, बघ तरी. मला तेव्हाच दिसलं होतं. मालकिणीच्या भीतीने ओरडलो. त्याला काही करू नकोस. चूक माझी आहे, करायचं ते माझं कर."

मेओदादाने खरंच वाकून मास्तराचे बूट बघितले. मग इतरांकडे बघितलं. त्याचा चेहरा एखाद्या बाजारात फसलेल्या माणसासारखा झाला होता.

"सहा दिवस मी याला शेळीचं काळीज खायला घालतोय!" तो ओरडला. "माझं घोंगडं दिलं! मी जमिनीवर झोपलो!"

कुणीतरी हसलं. मेओदादाने त्याला एक शिवी हासडली, मास्तराच्या हातातला कागद ओढला आणि त्याकडे बराच वेळ बघत राहिला. चित्रातला मेओदादा फार देखणा होता. "मास्तराला मारून काय मिळणार, पाढे?" शेवटी तो म्हणाला. "घेऊन जा याला. घोंगडं इथे राहू दे. आणि ऐक, घंटे. तुझ्यासारखा घसा मला दुसरीकडे मिळायचा नाही, म्हणून तू चालत परत जातोयस. खाली गेलास की पूर्वीसारखं ओरडायचं, पण खरं. पुन्हा खोटं वाजलास, तर चिविता काळे कपडे घालेल."

उतरताना मास्तर लंगडत होता. ओनोरातोने त्याला हात दिला. अर्ध्या वाटेवर मास्तर थांबला आणि त्याचे दोन्ही हात धरून म्हणाला, "तू माझ्यासाठी जीव धोक्यात घातलास. माझ्या सख्ख्या भावाने नसतं केलं. आणि चूक तुझी नाही. त्या संध्याकाळी, खरं सांगू का, मला बरं वाटलं होतं. घरी मला कुणी खुर्चीसुद्धा देत नाही. म्हणून मी दोनदा 'नाही' म्हणालो आणि मग गप्प बसलो. माझ्या हावरेपणाची शिक्षा मला मिळाली."

ओनोरातोला वाटलं, याने आपल्याला शिव्या द्याव्यात. दगड मारावा. मास्तर मात्र वाटभर त्याचे आभार मानत होता, आणि ते ऐकत उतरणं चढण्यापेक्षा जड जात होतं.

गावात तर कहरच झाला. बायकांनी खिडक्यांतून हात हलवले. रेस्तितुताबाईंनी त्याचा मुका घेतला आणि जाहीर केलं की ओनोरातोसारखा माणूस लाखात एक. महिनाभर 'माणूस, माणूस' करणाऱ्या पोरांनी त्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. मास्तराला दुसऱ्या दिवशी सकाळी नेपल्सच्या गाडीत बसवून दिलं, आणि दुपारी ओनोरातो देवळात जाऊन पापांची कबुली द्यायला फादर लिबोरिओंच्या जाळीपुढे गुडघ्यांवर बसला.

त्याने सगळं सांगितलं. मालकिणीची भीती, बूट, डोंगरावरचं ते हसणं, घंटा, चीज. सांगताना दोनदा रडला. फादर लिबोरिओ म्हातारे होते, मऊ मनाचे होते. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "मास्तराच्या बाबतीत तू चुकलास, आणि वर जाऊन ते निस्तरलंस. बाकीच्यांचं मनाला लावून घेऊ नकोस, लेकरा. ते चोर तुझ्या आवाजावर टपून होते, त्याला तू काय करणार? तुला ठाऊक नव्हतं. नकळत घडलं त्याला पाप म्हणत नाहीत. तीनदा 'आवे मारिया'ची प्रार्थना म्हण आणि घरी जा. चिविता वाट बघत असेल."

झालं होतं. उठून जायचं तेवढं बाकी होतं. गावाने माफ केलं होतं, मास्तराने केलं होतं, आता देवाच्या वतीनेही कुणीतरी केलं होतं. ओनोरातोने एक गुडघा उचलला.

मग तो पुन्हा टेकवला.

"ठाऊक होतं, फादर."

जाळीपलीकडे खुर्ची करकरली.

"दुसऱ्या उन्हाळ्यापासून ठाऊक होतं. मी हाक दिली की ताद्देओ खेचर अर्धं भरलेलं सोडून निघायचा. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मी काय आंधळा आहे? माझा धंदाच बघण्याचा. चीज आलं की चिविता म्हणायची कुणी खूश झालेला पाहुणा असेल, आणि मी हो म्हणायचो. खायचो."

"मग तू ओरडणं थांबवलं का नाहीस?" फादरांचा आवाज बदलला होता.

"थांबवलं नाही एवढंच नाही, फादर. हाक द्यायच्या आधी मी कारंज्याकडे बघायचो. ताद्देओ बसलेला नसला की साधी हाक द्यायचो, स्वयंपाकघरापुरती."

"आणि बसलेला असला की?"

"छाती भरून," तो म्हणाला. "वरपर्यंत जाईल अशी. स्वयंपाकघरात कोण ऐकतं हो? कोंबडी पकडायला पळतात सगळे. वर मात्र कुणीतरी कान देऊन ऐकतंय, हे मला ठाऊक असायचं. मला ते आवडायचं."

फादर लिबोरिओंनी घसा खाकरला आणि तीन 'आवे मारिया' परत घेतले. "किती गाड्या?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"पहिल्यापासून सांग. एकेक सांग. काही गाळू नकोस."

"पहिली हिरवी होती," ओनोरातो म्हणाला. "आत एक म्हातारा होता आणि त्याची मुलगी..."

तो तिसऱ्या गाडीपर्यंत आला तेव्हा फोंदीच्या वळणावर शिंग वाजलं. चाकं दगडांवरून खडखडत चौकात शिरली, घोडे फुरफुरले, आणि पाठोपाठ रेस्तितुताबाईंचा आवाज आला, "ओनोरातोऽऽ! अरे गाडी आली! कुठे तडफडलाय हा? ओनोरातोऽऽ!"

"तुला बोलावतायत," फादर म्हणाले.

"चौथीत दोन भाऊ होते," ओनोरातो म्हणाला, आणि सांगत राहिला. बाहेर त्या गाडीतून कोण उतरलं, ते त्या दिवशी इत्रीत कुणालाच कळलं नाही.